सेलमचा ऑक्टोबर आणि विस्मरणात गेलेले बंदर

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील सेलम हे जेमतेम 45 हजार वस्तीचे किनारी शहर 1626 मध्ये वसले आणि 2026 हे त्याच्या स्थापनेचे चारशेवे वर्ष आहे. हॅलोविनच्या ऑक्टोबर महिन्यात अलीकडे येथे दहा लाखांहून अधिक पाहुणे येतात. त्यामुळे या वर्धापनाचा उत्सवही झाडूवर बसलेल्या चेटकिणीच्या चित्राखाली झाकला जाण्याचा धोका आहे. हॅलोविन म्हणजे काय, भोपळे का कोरतात, मुले दारोदार फिरून गोळ्या-चॉकलेटे का मागतात, हे आता मराठी वाचकाला सांगण्याची गरज उरलेली नाही. सांगण्याजोगी गोष्ट वेगळी आहे: ज्या घटनेच्या नावावर सेलममध्ये महिनाभर जत्रा भरते तिचा हॅलोविनशी काहीही संबंध नव्हता, आणि ज्या समुद्राने हे शहर घडवले त्याच्याकडे या जत्रेतील बहुतेकांची पाठ असते.

ती घटना म्हणजे 1692 चे खटले. त्यांमध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून 19 जणांना फाशी देण्यात आली, त्यांत 14 स्त्रिया आणि 5 पुरुष होते. जाइल्स कोरी नावाच्या वृद्ध शेतकऱ्याने न्यायालयापुढे कबुली वा इन्कार यांपैकी काहीही देण्याचे नाकारले, म्हणून त्याला अंगावर दगड रचून चिरडून मारण्यात आले. आणि किमान पाच जण तुरुंगातच दगावले. कोणालाही जिवंत जाळण्यात आले नाही, जरी तसा समज सर्वत्र आढळतो. या खटल्यांचा मोठा आधार म्हणजे ज्याला छायापुरावा म्हणता येईल असा पुरावा, म्हणजे आरोपी स्वतः दुसरीकडे असताना तिची छायाकृती येऊन आपल्याला छळते, अशी फिर्यादीची साक्ष. अशी साक्ष खोडून काढण्याचा कोणताही मार्ग आरोपीपुढे नसतो, कारण आपण त्या वेळी अन्यत्र होतो हे सिद्ध केले तरी आरोप जागच्या जागी राहतो. शेवटच्या फाश्या 22 सप्टेंबरला झाल्या आणि गव्हर्नर विल्यम फिप्स यांनी या खटल्यांसाठीचे विशेष न्यायालय ऑक्टोबरच्या अखेरीस बरखास्त केले, म्हणजे ज्या दिवसांत आज भीतीचा बाजार सर्वांत तेजीत असतो त्याच दिवसांत तेव्हा ही मालिका आवरण्यास सुरुवात झाली होती. शिवाय हे सारे ज्या सेलम व्हिलेजमध्ये पेटले ते आज डॅनव्हर्स या नावाचे स्वतंत्र गाव आहे, आणि तेथे ऑक्टोबरात अशी झुंबड उडत नाही.

सध्याची जत्रा ही मुळात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील निर्मिती आहे. 1970 मध्ये ‘बिविच्ड’ या लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेच्या काही भागांचे चित्रीकरण येथे झाले, 1972 मध्ये चेटकीण-संग्रहालय उघडले, 1982 मध्ये ‘हाँटेड हॅपनिंग्ज’ हा ऑक्टोबर-महोत्सव सुरू झाला आणि 1993 च्या ‘होकस पोकस’ चित्रपटाने त्यात बालप्रेक्षकांची भर घातली. स्वतःला अभिमानाने चेटूकधर्मी म्हणवणारे विका पंथाचे अनुयायीही येथे राहतात, आणि त्यांची श्रद्धा हा त्यांचा हक्कच आहे. परंतु 1692 मध्ये फासावर गेलेल्यांपैकी कोणीही तशा पंथाचे नव्हते, ते सश्रद्ध ख्रिस्ती होते आणि निर्दोष होते. पोलिसांच्या गाड्यांवर चेटकिणीचे चित्र मिरवणे म्हणजे त्यांच्यावरील आरोपच बोधचिन्ह म्हणून स्वीकारणे होय. सातपुड्यातील पाड्यांवर डाकीण ठरवून स्त्रियांचा छळ झाल्याची प्रकरणे ज्या महाराष्ट्राने पाहिली आहेत, त्या महाराष्ट्रातील वाचकाला यातील अन्याय वेगळा समजावून सांगावा लागू नये.

1839 मध्ये शहराने स्वीकारलेल्या नगरमुद्रेवर चेटकीण नव्हती. त्यावर पूर्वेकडील देशाच्या किनाऱ्यावर उभा असलेला एक माणूस आणि शिडाचे जहाज होते, आणि संपन्न पूर्वेच्या अगदी शेवटच्या बंदरापर्यंत जाण्याची आकांक्षा सांगणारे लॅटिन वचन होते. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर ब्रिटिश वसाहतींशी होणारा जुना व्यापार आटला, तेव्हा सेलमच्या जहाजमालकांनी केप ऑफ गुड होपला वळसा घालून मुंबई, मद्रास, कलकत्ता आणि सुमात्रा गाठले. जोनाथन कार्न्स या कप्तानाचे ‘राजा’ नावाचे जहाज 1797 मध्ये सुमात्राहून मिरी भरून परतले आणि त्या एका सफरीत गुंतवणुकीच्या सुमारे सातपट नफा झाला असे सांगितले जाते. त्यानंतर काही दशके मिरी हाच या बंदराचा श्वास होता.

या काळाचा सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे ईस्ट चर्चचे धर्मोपदेशक विल्यम बेंटली, ज्यांनी 1784 पासून 1819 मध्ये मृत्यू येईपर्यंत रोजनिशी लिहिली आणि बंदरात उतरणारा माल, माणसे व वार्ता यांची नोंद ठेवली. 1790 च्या डिसेंबरात मद्रासहून आलेला एक भारतीय सेलममध्ये पाहिल्याची त्यांची नोंद प्रसिद्ध आहे आणि अमेरिकेच्या भूमीवरील भारतीयांच्या अगदी आरंभीच्या उल्लेखांत ती गणली जाते. 1804 च्या जानेवारीतील त्यांची दुसरी नोंद अधिक बोलकी आहे: ईस्ट इंडिया मरीन सोसायटी, म्हणजे आफ्रिका वा दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून आलेल्या कप्तानांनी 1799 मध्ये स्थापलेली संस्था, तिच्या सदस्यांनी पूर्वेकडून आणलेल्या चमत्कारिक वस्तू हाती धरून मिरवणूक काढली, पुढे चिनी वेष व मुखवटा घातलेला माणूस होता, आणि भारतीय पद्धतीचे कपडे घातलेले कृष्णवर्णीय भोई पालखी वाहत होते. हॅलोविनच्या कितीतरी आधी सेलमच्या रस्त्यांवर सोंगांची मिरवणूक निघत होती, आणि तिच्यातील सोंगे आपल्याकडील होती! त्या मिरवणुकीत कुतूहल जेवढे होते तेवढाच वर्णभेदही होता, हे विसरता येत नाही. तरीही शहराच्या स्वतःच्या इतिहासातून उगवलेली ती गोष्ट होती, चित्रपटातून उचललेली नव्हे.

याच मरीन सोसायटीला मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांनी 1803 मध्ये स्वतःचा पोशाख भेट दिला. ते मुंबईत अमेरिकी जहाजांचे व्यवहार पाहत असत. सुसान बीन यांनी ‘यँकी इंडिया’ या 2001 मधील ग्रंथात या साऱ्या देवघेवीचा साक्षेपी अभ्यास मांडला आहे, आणि ऑक्टोबरात सेलमला निघालेल्या कोणत्याही भारतीयाने भुताटकीच्या मार्गदर्शिकेऐवजी तो चाळावा.

मराठी वाचकासाठी याहूनही जवळचा धागा आहे. 6 फेब्रुवारी 1812 रोजी सेलमच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये अमेरिकेच्या पहिल्या परदेशी मिशनऱ्यांना दीक्षा देण्यात आली, त्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे 1813 मध्ये मुंबईला पोहोचले आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. हॉल मराठी शिकले, मराठीत उपदेश करू लागले आणि 1826 मध्ये दौऱ्यावर असताना पटकीने वारले. त्यांच्या धर्मप्रसाराविषयी मतभेद असू शकतात आणि ते असावेतही, परंतु या मिशनने मुंबईत उभारलेला छापखाना मराठी मुद्रणाची एक शाळाच ठरला: पंचांग छापणारे गणपत कृष्णाजी आणि निर्णयसागरचे जावजी दादाजी या दोघांचेही हात तेथेच तयार झाले.

सेलमला घडवणारा समुद्र शहराच्या ताटातही आहे. शरद ऋतूत अमेरिकेत सर्वत्र विकला जाणारा ‘पंपकिन स्पाइस’ म्हणजे दालचिनी, जायफळ, लवंग, सुंठ आणि ऑलस्पाइस (कॅरिबियन बेटांवरील एका झाडाचे सुगंधी फळ) यांचे मिश्रण, आणि त्यातील बहुतेक जिन्नस ज्या पूर्वेकडील मार्गाने पश्चिमेस गेले त्याच मार्गावर सेलमची जहाजे मिरी आणत होती. आसपासच्या बागांतील सफरचंदांच्या रसात भिजवलेल्या पिठाचे गरम डोनट, दूध-बटाटे घालून केलेले शिंपल्यांचे दाट चाउडर आणि पावात भरलेली शेवंड हा ऑक्टोबरचा नित्याचा आहार होय. डर्बी स्ट्रीटवरील ‘यी ओल्डे पेपर’ हे दुकान 1806 पासूनची परंपरा सांगते आणि तेथे मिळणारी लिंबू वा पुदिन्याच्या स्वादाची ‘जिब्राल्टर’ गोळी दीर्घकाळ टिकते म्हणून खलाशी बरोबर नेत असत. शहरातील जुन्या लायसियम सभागृहात 1877 मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी दूरध्वनीचे जाहीर प्रात्यक्षिक केले होते. 1692 मध्ये सर्वांत आधी फाशी गेलेल्या ब्रिजेट बिशपची सफरचंदाची बाग याच जागी होती असे परंपरा सांगते, आणि आता त्या वास्तूत मासळी खायला मिळते.

मरीन सोसायटीच्या संग्रहातून वाढलेले पीबॉडी एसेक्स संग्रहालय हे मात्र केवळ त्याच्यासाठीही सेलमची वाट धरावी इतके मोलाचे आहे. चेस्टर आणि डेव्हिडा हर्विट्झ या दाम्पत्याने जमवलेला आधुनिक भारतीय चित्रकलेचा मोठा संग्रह येथे आहे, त्यात हुसेन, तैयब मेहता यांच्यासारख्या मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह चित्रकारांची कामे आहेत. ज्या बंदरात मुंबईचा एक पोशाख 1803 मध्ये पोहोचला तेथेच दीड-दोन शतकांनी मुंबईची चित्रे पोहोचावीत, याहून सुसंगत योग दुसरा नाही.

जाणाऱ्याने मोटार नेऊ नये. बोस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून आगगाडी अर्ध्या तासात पोहोचते आणि हंगामी फेरीबोटीने आल्यास शहर आधी समुद्राकडून दिसते, जे योग्यच आहे. शनिवार-रविवार टाळून आठवड्याच्या मधल्या दिवशी डर्बी धक्क्यावर टोकाच्या दीपगृहापर्यंत चालावे, नंतर संग्रहालय पाहावे, आणि सायंकाळी प्रॉक्टर्स लेज या लहानशा खडकाळ उताराकडे जावे. फाशीची जागा हीच, हे अभ्यासकांनी 2016 मध्ये निश्चित केले. तोवर पाहुण्यांना चुकीच्या जागी पाठवले जात होते. 19 जुलै 2017 रोजी, पाच स्त्रियांना तेथे फासावर चढवल्याला बरोबर 325 वर्षे झाल्याच्या दिवशी, 19 नावे कोरलेल्या अर्धवर्तुळाकार दगडी भिंतीचे लोकार्पण झाले. शिक्षा होऊनही जिवंत राहिलेल्या एलिझाबेथ जॉन्सन या स्त्रीचे नाव मात्र 2022 पर्यंत कायद्याच्या दप्तरी दोषी म्हणूनच होते, आणि ते पुसले गेले ते नॉर्थ अँडोव्हर येथील आठवीच्या शाळकरी मुलांनी आपल्या शिक्षिकेसह केलेल्या पाठपुराव्यामुळे.