इंग्रजी शब्दांचे पदर : 'स्प्लिट'

गेल्या आठवड्यात आपण 'ब्रेक' पाहिला. आज त्याचाच भाऊबंद 'स्प्लिट'. दोन्ही शब्द वेगळं होण्याचेच, पण वेगळं होण्याची तऱ्हा निराळी.

लंडन किंवा न्यू जर्सीतल्या किराणा दुकानात तूरडाळीच्या पाकिटावर 'स्प्लिट पिजन पीज' असं छापलेलं असतं आणि हरभऱ्याच्या डाळीवर 'स्प्लिट चिकपीज'. शब्दाचा गाभा इथेच सापडतो. हरभरा भरडला की दाण्यात मुळातच असलेली दोन दलं जोडावर सुटतात आणि दोन्ही शाबूत राहतात. काच फुटते तेव्हा 'ब्रेक'. ओंडका रेषेत चिरला जातो तेव्हा 'स्प्लिट'. सोळाव्या शतकाच्या अखेरीस डचमधून इंग्रजीत आलेला हा शब्द सुरुवातीला खडकावर आपटून दुभंगणाऱ्या जहाजांसाठी वापरला जाई. पुढे तो जमिनीवर उतरला आणि घरोघरी पोचला.

आपल्याकडे तर तो भिंतीवरच आहे. स्प्लिट एसीचा काँप्रेसर बाहेर, थंड हवा देणारा भाग खोलीत आणि मधे तांब्याच्या नळ्या. पेट्या दोन, काम एक. हॉटेलात 'बिल स्प्लिट करू' म्हणजे आपलं टीटीएमएम, तुझं तू माझं मी. विक्रेता ५०० म्हणतो, गिऱ्हाईक ४००, आणि सौदा ४५० ला पटतो, ते 'स्प्लिट द डिफरन्स'. जोडपं 'स्प्लिट अप' झालं म्हणजे विभक्त झालं. शब्दाचा कीस काढणं म्हणजे 'स्प्लिट हेअर्स'. व्याकरणाची एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : क्रियापदाची तिन्ही रूपं 'स्प्लिट'च. 'स्प्लिटेड' चुकीचं.

आता शेअर बाजार. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयआरसीटीसीच्या शेअरचं दर्शनी मूल्य १० रुपयांवरून २ रुपये झालं. एकाचे पाच शेअर झाले, पण त्या हिशेबाने भावही पाचवा हिस्सा होतो. केवळ स्प्लिटमुळे गुंतवणूकदाराच्या पदरात एक रुपयाही जास्त पडत नाही. 'शेअर पाचपट झाले' या आनंदात नव्याने खरेदी करणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं.

न्यायालयात 'स्प्लिट व्हर्डिक्ट' म्हणजे खंडित निकाल. कर्नाटकातल्या हिजाब प्रकरणात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी, हेमंत गुप्ता आणि सुधांशू धुलिया यांनी, परस्परविरोधी निकाल दिले. त्यात कोणीच जिंकलं नाही की हरलं नाही. प्रकरण योग्य पीठाची नेमणूक व्हावी म्हणून सरन्यायाधीशांकडे गेलं.

या शब्दाच्या गैरसमजाने सगळ्यात जास्त नुकसान होतं ते मनाच्या बाबतीत. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द रुजवला. ग्रीकमधल्या 'दुभंगणे' आणि 'मन' या अर्थांच्या शब्दांपासून तो बनला. विचार, भावना आणि वर्तन यांची एकमेकांशी असलेली सांगड सुटते, असं त्यांना म्हणायचं होतं. पण लोकांनी त्याचा अर्थ लावला 'स्प्लिट पर्सनॅलिटी', म्हणजे एका माणसात दोन माणसं. तो आजार वेगळा, त्याला 'डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर' म्हणतात. स्किझोफ्रेनियात भास होतात, चुकीच्या समजुती घट्ट धरल्या जातात. पण माणूस एकच असतो आणि उपचारांनी अनेकांना बरंच बरं वाटतं.

म्हणून 'स्प्लिट' दिसला की दोन प्रश्न विचारा : नेमकं काय दुभागलं, आणि दुभागल्यावर एकूण काही कमी-जास्त झालं का? आणि एक विनंती. मालिकांमध्ये, गप्पांमध्ये कोणी स्किझोफ्रेनियाला 'दुहेरी व्यक्तिमत्त्व' म्हटलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करा. हा आजार असलेल्या घरातल्या माणसांवरचं ओझं तेवढंच हलकं होईल.

पुढच्या आठवड्यात : 'लीव्ह'.