घाटावरचं जहाज

पांडवलेण्यातल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षी तो कोरला गेला. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याच्याबद्दल ती म्हणते, त्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. नाशकात उभं राहून हे वाचताना अंगावर काटा येतो. घाट उतरल्याशिवाय इथून समुद्र दिसतही नाही.

याच पुळुमावीचं शिशाचं नाणं आहे, पूर्व किनाऱ्यावरचं. एका बाजूला जहाज, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. नखाएवढ्या जागेत दोन डोलकाठ्या, ताणलेले दोर आणि मागच्या बाजूला सुकाणूची वल्ही. जुनी जहाजं ओळखण्याचा नाद मला लागला तो या नाण्याच्या छायाचित्रामुळे. नाण्यांच्या अभ्यासाला नाशिककरांना दूर जावं लागत नाही. अंजनेरीला १९८० पासून भारतीय नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारख्या अभ्यासकाने उभी केलेली. नाणं वाचायची एक शिस्त असते: आधी जे दिसतं ते मोजायचं, अर्थ नंतर लावायचा. जहाजालाही तीच लागू पडते. डोलकाठ्या किती, शीड चौकोनी की तिकोनी, नाळ किती उचललेली, सुकाणू मधोमध बसवलेलं की बाजूला बांधलेली वल्ही? इतकं नीट पाहिलं तरी काळ आणि किनारा यांचा अंदाज येऊ लागतो.

नाण्यावर मावलं नाही ते अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातल्या चित्रात आहे. पूर्णाच्या कथेतलं ते जहाज. हा पूर्ण शूर्पारकचा, म्हणजे आपल्या नालासोपाऱ्याचा व्यापारी. तीन डोलकाठ्या, उंच शिडं, बाजूला सुकाणूची वल्ही आणि ओळीने मांडलेले रांजण. चित्रकाराने रांजणसुद्धा मोजून काढले असावेत, असं मला त्या ओळीकडे पाहून वाटतं. पण पाण्याखालचा भाग चित्रात नाही, आणि माणसं जहाजाच्या मानाने मोठी आहेत. नुसतं बघणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही, बांधणाऱ्याला मात्र तिथेच थांबावं लागतं.

हे कोडं अलीकडे खऱ्या आकारात सोडवलं गेलं. संस्कृती मंत्रालय, नौदल आणि गोव्याची होडी इनोव्हेशन्स यांनी २०२३ मध्ये करार करून अजिंठ्याच्या चित्रावरून शिवलेलं जहाज बांधायला घेतलं. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांचे कारागीर कामाला लागले. चित्रात न दिसणाऱ्या भागाचा अंदाज बांधून आयआयटी मद्रासमध्ये आधी छोट्या प्रतिकृतीची पाण्यात चाचणी झाली. म्हणजे आम्ही प्रतिकृती करणारे टेबलावर करतो तेच काम, फक्त इथली चूक समुद्रात माणसांच्या जिवावर आली असती. सुमारे २० मीटर लांबीचं ते जहाज २१ मे २०२५ रोजी कारवारला ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात आलं. २९ डिसेंबरला पोरबंदरहून निघून १४ जानेवारी २०२६ रोजी ते मस्कतला पोचलं. इंजिनाशिवाय, चौकोनी शिडांवर.

या जहाजात फळ्या खिळ्यांनी जोडलेल्या नाहीत. फळीच्या कडेने भोकं पाडायची, सांध्यावर नारळाचे तंतू दाबून बसवायचे आणि काथ्याच्या दोरीने दोन फळ्या एकमेकींना शिवायच्या. मग राळेने सांधा बुजवायचा. लाटेचा मार बसला की असा सांधा थोडा वाकतो आणि पुन्हा जागेवर येतो. वाळूवर आपटत किनाऱ्याला लागणाऱ्या जहाजाला हा गुण फार मोलाचा.

मी घरी या जहाजाची १:५० प्रमाणात प्रतिकृती करायला घेतली, म्हणजे जेमतेम ४० सेंटिमीटर. पहिल्यांदा सवयीने आधी फासळ्या उभ्या केल्या आणि वरून फळ्या चढवल्या. बाजारातले युरोपीय जहाजांचे बहुतेक संच असेच जोडायचे असतात. फळ्या शिवायची वेळ आली तेव्हा सुई आत जायलाच जागा नव्हती. शिवलेल्या जहाजात क्रम उलटा असतो: आधी फळ्या एकमेकींना शिवून अंग तयार होतं, फासळ्या मागाहून आत बसतात. तीन महिन्यांचं काम मोडलं. वाईट वाटलं, पण त्या दिवशी हे जहाज मला पहिल्यांदा कळलं. चित्र वर्षानुवर्षं पाहूनही हा क्रम लक्षात आला नव्हता. आता सागाच्या पातळ पट्ट्या गरम पाण्यात भिजवून वाकवतो आणि मेण लावलेल्या सुती दोऱ्याने शिवतो. एका संध्याकाळी चार-पाच बोटं सांधा झाला तर पुष्कळ झालं.

पुढचं जहाज मात्र पांडवलेण्यातून घ्यायचं आहे. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने लोकांसाठी फुकट नावांची सोय केली होती, असं त्यात कोरलं आहे. राजांच्या समुद्रापेक्षा मला या नावा जवळच्या वाटतात: भाडं न देता शेतकरी, भिक्षू, गुरं पार नेणाऱ्या. लेखात त्यांचं चित्र नाही, फक्त नद्यांची नावं आहेत. दाहनुका म्हणजे डहाणूची नदी. पावसाळा ओसरला की तिथे जाणार आहे, उथळ खाडीत आज कसल्या तळाच्या होड्या चालतात ते मोजायला.