फाटकाबाहेरची रुग्णसेवा

रेडिएशन घेणाऱ्या कर्करुग्णाला यंत्राखाली रोज जेमतेम काही मिनिटं झोपायचं असतं. पण अनेकांना ते आठवड्यातून पाच दिवस आणि असे पाच-सहा आठवडे करावं लागतं. बीड किंवा नंदुरबारहून आलेल्या माणसाला त्या काही मिनिटांपायी दीड महिना मुंबईत काढावा लागतो. बरोबर घरातलं एक तरी माणूस लागतंच. त्याची मजुरी बुडते, शेत भावकीच्या भरवशावर पडतं, धाकटी मुलं आजीकडे राहतात. लहान मुलाला ल्युकेमिया झाला असेल तर उपचारांचा पल्ला दोन-अडीच वर्षांचा. सरकारी योजनेतून उपचार फुकट झाले, तरी मुक्काम, जेवण आणि जाण्या-येण्याचा खर्च रुग्णालयाच्या कुठल्याच बिलात दिसत नाही. घरची पुंजी तिथेच आटते आणि गुण येत असतानाही कधी कधी कुटुंब बोचकं उचलून गावी परततं.

हा भार महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या स्थानिक संस्था आणि त्यांचे स्वयंसेवक हलका करत आले आहेत. त्यांचं काम रुग्णालयाच्या फाटकाबाहेर चालतं, म्हणून उपचारांच्या यशकथांत त्याची फारशी नोंद होत नाही. या कामाचा आढावा घेताना एक गोष्ट मला सगळीकडे दिसली. संस्थांना देणगीदार मिळतात, सणावाराला मदतीची रीघही लागते. कमी पडतात ती ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, वर्षभर येणारी माणसं.

प्लेगच्या दवाखान्यापासून धर्मशाळेपर्यंत

१८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातलं, तेव्हा सावित्रीबाई फुले यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी गावाबाहेर दवाखाना उघडला. सावित्रीबाई रुग्णांना तिथे पोहोचवत आणि त्यांची शुश्रूषा करत. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचं निधन झालं. शिक्षणाच्या कार्यासाठी आपण त्यांना नित्य आठवतो. आजाऱ्याला उचलून औषधापर्यंत नेणं हेही त्यांचं तितकंच मोठं काम होतं.

पुढे १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांनी सेवासदन उभं केलं. तिथून स्त्रिया, विशेषतः विधवा, परिचारिकेचं शिक्षण घेऊ लागल्या. परक्या पुरुषांच्या जखमा धुण्याचं काम सभ्य घरातल्या बाईने करावं का, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. सेवासदनच्या बायकांनी काम चालू ठेवून ती चर्चा मागे टाकली.

गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा बांधल्या. यात्रेकरूला छप्पर, पाणी आणि चूल लागते; परगावी आजाऱ्याजवळ बसलेल्या माणसालाही तेच लागतं, हे बाबांनी नेमकं ओळखलं होतं. मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्यांच्या नातेवाइकांसाठीही त्यांनी निवाऱ्याची सोय केली. त्यांच्या नावाने चालणाऱ्या मिशनची दादरची धर्मशाळा आज कर्करुग्णांचा मोठा आसरा आहे. महाराष्ट्रातल्या रुग्णसेवेचा पाया असा तीर्थयात्रेच्या व्यवस्थेत आहे.

परळचा परिसर

या सेवेचा सर्वांत दाट पट्टा म्हणजे मुंबईतलं परळ. वाडियांचं प्रसूतिगृह आणि केईएम १९२६ सालचं, वाडियांचंच मुलांचं रुग्णालय १९२९चं आणि टाटा मेमोरियल हे कर्करोग रुग्णालय १९४१चं. टाटाच्या दारात महाराष्ट्राबरोबर बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल आणि ईशान्य भारतातलेही रुग्ण येतात. वाराणसी, गुवाहाटी अशा ठिकाणी टाटाची केंद्रं सुरू झाली असली, तरी परळच्या पदपथांवर पथारी टाकलेली कुटुंबं अजून दिसतातच.

या गर्दीभोवती संस्थांचं जाळं हळूहळू विणलं गेलं. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ची, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ची. नाना पालकर स्मृती समिती १९६८ साली स्थापन झाली. तिच्या रुग्णसेवा सदनात बाहेरगावच्या रुग्णांना अल्प दरात राहता येतं. सेंट ज्यूड ही संस्था २००६ पासून कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या लहान मुलांना आईवडिलांसह विनामूल्य ठेवून घेते. केमो चालू असताना मुलाची प्रतिकारशक्ती खालावते, साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. अशा मुलाला स्वच्छ खोली, उकळलेलं पाणी आणि आईच्या हातचं ताजं जेवण मिळालं, की डॉक्टरांचं निम्मं काम हलकं होतं.

अशा निवाऱ्यांत स्वयंसेवक काय करतात? मुलांची शाळा बुडू नये म्हणून दुपारी अभ्यास घेतात. चित्रं काढायला बसवतात. आईला बाजार कुठे, बस कुठली, ते दाखवून देतात. हिंदीही न येणाऱ्या बंगाली कुटुंबासोबत ओपीडीत जाऊन डॉक्टरांचं बोलणं समजावून सांगतात. यातल्या कशालाच वैद्यकीय पदवी लागत नाही, पण मूल उपचारांत टिकून राहतं ते याच्याच बळावर.

कागदांचा गुंता

रुग्णालयात आलेल्या गावाकडच्या माणसाला पहिली धास्ती वाटते ती कागदांची. तिथे रुग्णमित्राचं काम सुरू होतं. परळला एका संस्थेच्या टेबलाशी मी हे काम जवळून पाहिलं आहे. एक शेतकरी प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढत होते: घडी पडून फाटायला आलेलं रेशनकार्ड, मुलाचं आधार, तालुक्याच्या दवाखान्याची चिठ्ठी, सीटी स्कॅनची फिल्म, औषधांच्या पावत्या, सगळं एकात एक. समोरच्या निवृत्त बाईंनी आधी त्यांना पाणी दिलं. मग तारखेप्रमाणे कागद लावले, झेरॉक्सचे तीन संच केले, फाइलच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात खिडक्यांचे क्रमांक लिहून दिले. उत्पन्नाचा दाखला नव्हता. तो गावाहून मागवण्यासाठी घरी कोणाला फोन करायचा आणि तहसील कचेरीत काय मागायचं, हे त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. तासाभराने ते गृहस्थ उठले तेव्हा फाइल त्यांनी छातीशी धरली होती आणि पुढे कुठे जायचं हे त्यांना ठाऊक होतं.

हक्क कागदावर पुष्कळ आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि योजनेतल्या रुग्णालयांत माहिती द्यायला आरोग्यमित्र बसतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची असते. उपचारांसाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेच्या भाड्यात मोठी सवलत मिळते. हे सगळं ज्याला सर्वांत जास्त लागतं, त्यालाच ते सर्वांत कमी माहीत असतं. ही दरी बुजवणारा माणूस म्हणजे रुग्णमित्र. या नावाखाली पैसे उकळणारे दलालही वावरतात, म्हणून संस्थेचं ओळखपत्र, हिशेबाची पावती आणि रुग्णाकडून एक रुपयाही न घेण्याचा नियम यांवर चांगल्या संस्थांचा कटाक्ष असतो.

पाच दिवसांचं आयुष्य

वर्षभर नेमाने येणारी माणसं कमी पडतात, हे माझं म्हणणं रक्तदानाचं उदाहरण सर्वांत स्पष्ट करतं. पैसे घेऊन रक्त देण्याचा धंदा सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर १९९८ पासून बंद झाला आणि स्वेच्छा रक्तदानाची जबाबदारी समाजावर आली. महाराष्ट्राने ती मनापासून उचलली. गणेशोत्सव मंडळं, गोविंदा पथकं, महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजना, कामगार संघटना, सगळ्यांनी शिबिरं भरवली. नेत्याचा वाढदिवस असो की हुतात्म्याची पुण्यतिथी, रक्तदान शिबिर आपल्याकडे रीतच झाली आहे.

पण लाल पेशी साठवता येतात त्या सुमारे ४२ दिवस आणि प्लेटलेट्स फक्त ५ दिवस. केमोमुळे प्लेटलेट्स घसरलेल्या मुलाला त्या आज लागतात. तीन आठवड्यांपूर्वीच्या भव्य शिबिराचा त्याला काही उपयोग नसतो. एप्रिल-मेमध्ये महाविद्यालयं बंद होतात, मुंबईकर गावी जातात आणि रक्तपेढ्यांत टंचाई सुरू होते. म्हणून रक्तपेढ्यांना लागते नियमित दात्यांची यादी. यंत्राद्वारे प्लेटलेट्स देणाऱ्याला तास-दीड तास खुर्चीत बसावं लागतं; रक्तातल्या प्लेटलेट्स वेगळ्या होतात आणि उरलेलं रक्त त्याला परत दिलं जातं. अशा एका दात्याकडून साध्या पाच-सहा पिशव्यांइतक्या प्लेटलेट्स मिळतात. फोन आला की कामाची वेळ सांभाळून येणारे असे पन्नास दाते एखाद्या रुग्णालयाला लाभले, तर ते पाचशे पिशव्यांच्या एका शिबिराहून मोलाचे ठरतात.

घरी आल्यावर

रुग्णालयातून सुटी मिळाली की दुसरा डोंगर समोर उभा राहतो. मांडीचं हाड मोडलेल्या आजोबांना वॉकर हवा असतो, अर्धांग झालेल्या आईला वरखाली होणारा पलंग, एअर बेड, कमोडची खुर्ची. तीन महिन्यांच्या गरजेसाठी हे विकत घेणं मध्यमवर्गालाही जड जातं. ठाणे, डोंबिवली, पुणे, नाशिक अशा शहरांत रुग्णोपयोगी साहित्य केंद्रांनी यावर साधा, पक्का उपाय काढला आहे: अनामत रक्कम भरा, नाममात्र शुल्कात वस्तू न्या, गरज संपली की परत करा. एकच व्हीलचेअर वर्षभरात कितीतरी घरांत फिरून येते. पण परत आलेली वस्तू निर्जंतुक करणं, ब्रेक तपासणं, गादीचं छिद्र शोधणं, वहीत नोंद ठेवणं हे रोजचं काम असतं. ही केंद्रं बहुतेक ठिकाणी निवृत्त मंडळींच्या खांद्यावर उभी आहेत आणि त्यांच्या जागी कोण येणार, ही त्यांना खरी काळजी आहे.

काही रुग्ण बरे होणार नसतात. त्यांच्यासाठी मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती अवेदना सदन सुरू झालं, देशातलं या प्रकारचं पहिलं. गोव्यातही त्याची शाखा आहे. वेदना कमी करणं, जखम स्वच्छ ठेवणं, हात धरून बसणं, हे तिथलं काम. या बाबतीत केरळकडून शिकण्याजोगं पुष्कळ आहे. कोझिकोडला १९९३ साली सुरू झालेल्या उपशामक सेवेतून पुढे गावोगावी शेजाऱ्यांची पथकं तयार झाली. आठवड्याला निदान दोन तास देऊ शकणाऱ्या कोणालाही प्रशिक्षण देऊन, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी परिचारिकेसोबत पाठवायचं, ही त्यांची पद्धत. २००८ साली केरळ सरकारने त्यावर आधारलेलं धोरणच आणलं. आठवड्याला दोन तास ही अट मला फार शहाणपणाची वाटते. ती कोणालाही झेपते आणि तिच्यावर वेळापत्रक उभं राहू शकतं.

नातेवाइकाला जागा देणारे दवाखाने

फाटकाबाहेरची ही गरज काही दवाखान्यांनी फाटकाच्या आत घेतली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी शोधग्राममध्ये दवाखाना उभारताना आधी गोंड गावकऱ्यांना विचारलं, तुम्हाला कसा दवाखाना हवा? मोठ्या इमारतीची भीती वाटते, आपल्या माणसाला एकटं ठेवायला नको वाटतं, असं उत्तर आलं. म्हणून तिथे वॉर्डांच्या जागी झोपड्या उभ्या राहिल्या, नातेवाइकांना सोबत राहता आलं आणि दवाखान्याला माँ दंतेश्वरीचं नाव मिळालं. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने वेगळी वाट धरली. गावोगावी जाऊन कर्करोगाची नोंद ठेवणारं देशातलं पहिलं ग्रामीण केंद्र तिथे १९८७ साली सुरू झालं. रोग लवकर सापडला आणि उपचार घराजवळ मिळाले, तर परळच्या पदपथावर येण्याची वेळच कमी जणांवर येईल.

आपल्याकडून काय हवं

दिवाळीत रुग्णालयांच्या दारात फराळाच्या डब्यांची रास लागते. त्यामागची भावना खरी असते आणि आजाऱ्याच्या तोंडाला चव येते, हेही खरं. पण केमो घेणाऱ्याला बाहेरचं खाणं वर्ज्य असू शकतं, एकाच दिवशी पाच मंडळं आली की वॉर्डात गोंधळ उडतो, आणि मदत घेतानाचा फोटो निघणं हे रुग्णाला अपमानास्पद वाटतं. संस्थेला आधी विचारावं, तिला जे हवं तेच द्यावं. सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी जाऊ नये. काढे आणि पथ्यं सुचवू नयेत. रुग्णाची हकिकत घरी, ग्रुपवर, कुठेही सांगू नये. ‘सगळं ठीक होईल’ असं आश्वासन देऊ नये. ‘मी पुढच्या गुरुवारी येते’ असं सांगावं आणि यावं.

संस्थांनीही स्वयंसेवकाला जपलं पाहिजे. पहिल्याच दिवशी त्याला नेमकं काम, जबाबदार माणसाचं नाव आणि दोन तासांची ओळख-शिकवण द्यावी. ओळखीच्या झालेल्या रुग्णाचा मृत्यू झाला की नवखा माणूस हादरतो. त्याच्याशी कोणी बोललं नाही तर तो परत येत नाही. जाण्या-येण्याचा खर्च परवडत नाही म्हणून चांगली तरुण मुलं गळतात, त्यांना प्रवासखर्च देण्यात कसलाही कमीपणा नाही.

तुमच्या शहरातल्या सरकारी रुग्णालयाजवळही अशी एखादी संस्था बहुधा असेलच. समाजसेवा विभागात चौकशी केली तर तिचा पत्ता मिळतो. एक संस्था, एक वार, दोन तास, एक काम असं निवडा आणि पुढच्या दिवाळीपर्यंत ते सोडू नका. वर्षभर कागद लावून देणारा, नेमाने प्लेटलेट्स देणारा किंवा व्हीलचेअरचे ब्रेक तपासणारा माणूस मिळाला, तर कोणाचे तरी उपचार अर्ध्यावर सुटणार नाहीत. एवढ्यासाठी आठवड्याचे दोन तास देणं आपल्यापैकी बहुतेकांना शक्य आहे.