विश्लेषण : विक्रीला नकार दिलेली निषेधाची पोस्टर्स लिलावात कशी पोहोचली?

रात्री छापायची, पहाटे भिंतीवर चिकटवायची आणि पाऊस किंवा पोलीस फाडेपर्यंत टिकली तर टिकली, असे निषेधाच्या पोस्टरचे आयुष्य. तरीही पॅरिसमधील १९६८ च्या आंदोलनाची पोस्टर्स आज संग्रहालयांत आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत आहेत. ती काढणाऱ्यांनी मात्र विकायला साफ नकार दिला होता.

मे १९६८ मध्ये काय घडले?

फ्रान्समध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले, पाठोपाठ कामगारांचा देशव्यापी संप झाला. पॅरिसच्या ‘एकोल दे बोझार’ या कलामहाविद्यालयाचा ताबा विद्यार्थी व चित्रकारांनी घेतला. १४ मे रोजी तिथे पहिले पोस्टर निघाले, जेमतेम ३० प्रतींचे. चित्रकार जेरार फ्रोमांजे यांनी पुढे सांगितल्यानुसार, या प्रती विकून आंदोलनासाठी पैसे उभे करायचे ठरले होते. पण गॅलरीकडे नेताना वाटेतच विद्यार्थ्यांनी त्या हिसकावून भिंतींवर लावल्या. पोस्टरची जागा कुठे, याचा निकाल तिथेच लागला.

छपाई कशी होत असे?

पहिले पोस्टर लिथोवर छापले होते, पण ते काम संथ. मग स्क्रीन प्रिंटिंग आले. ताणलेल्या जाळीदार कापडातून शाई खाली दाबायची, की प्रत तयार. आपल्याकडे लग्नपत्रिकांसाठी वापरली जाते तीच पद्धत. यंत्र लागत नाही, नवखा माणूसही तासाभरात शिकतो. कागद अनेकदा वृत्तपत्रांच्या उरलेल्या रिळांचा. कोणते चित्र छापायचे, हे सभेत ठरे. पोस्टरवर चित्रकाराचे नाव नसे. ‘आतलिए पॉप्युलेर’, म्हणजे लोकांची कार्यशाळा, एवढाच शिक्का. २७ जूनला पोलिसांनी इमारत रिकामी केली. तोवर शेकडो वेगवेगळी पोस्टर्स निघाली होती. दूरचित्रवाणी सरकारच्या हातात होती, त्यामुळे बातम्यांच्या माइकवर हेल्मेटधारी पोलीस दाखवणारे पोस्टर विशेष गाजले.

विक्रीला विरोध का होता?

पोस्टर हे लढ्याचे हत्यार आहे. ते सजावटीसाठी टांगले किंवा कलावस्तू म्हणून पाहिले, तर त्याची धार जाते, अशी कार्यशाळेची भूमिका होती. १९६९ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पोस्टर-संग्रहात ती स्पष्ट मांडली आहे.

मग बाजार कसा तयार झाला?

भिंतीवरच्या प्रती नष्ट झाल्या. कोणी घडी करून घरी नेलेल्या, कपाटात राहिलेल्या प्रती तेवढ्या वाचल्या. मार्च २०१८ मध्ये, आंदोलनाच्या पन्नाशीच्या वर्षी, पॅरिसच्या ‘आर्तक्युरियाल’ने अशा सुमारे ५०० पोस्टर्सचा स्वतंत्र लिलाव केला. त्याच वर्षी मूळ कलामहाविद्यालयातही मोठे प्रदर्शन भरले. चित्रकाराची सही नसल्याने किंमत ठरते ती चित्राची प्रसिद्धी, कागदाची अवस्था आणि प्रत कुणाकडून कुणाकडे आली याच्या नोंदीवर.

अस्सल प्रत कशी ओळखतात?

- भिंगातून पाहिल्यास स्क्रीन प्रिंटमध्ये शाईचा सलग, जाडसर थर दिसतो. ऑफसेटवर काढलेल्या नकलेत बहुधा बारीक ठिपके दिसतात.
- वृत्तपत्री कागद पन्नास वर्षांत पिवळा आणि ठिसूळ होतो. पांढराशुभ्र कागद संशयास्पद.
- अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात १९७० मध्ये युद्धविरोधी पोस्टर्स वापरलेल्या संगणकी कागदावर छापली गेली. कडेची भोके आणि मागच्या बाजूचे संगणकी आकडे हीच त्यांची ओळख.

जपणूक हा वेगळा खर्च. जीर्ण प्रत कापडावर चढवतात आणि थेट उन्हापासून दूर ठेवतात.

संग्राहक म्हणजे आंदोलनाचे शत्रू?

उत्तर सोपे नाही. संग्राहकांनी निर्मात्यांची इच्छा मोडली, पण त्यांच्याविना ही चित्रे आज दिसलीही नसती. कळीचा मुद्दा आहे तो संग्रह पुढे कुठे जातो, याचा. बर्कलीतील कार्यकर्ते मायकेल रॉसमन यांनी जमवलेली हजारो पोस्टर्स आता ‘ओकलंड म्युझियम ऑफ कॅलिफोर्निया’त आहेत. लॉस एंजेलिसमधील ‘सेंटर फॉर द स्टडी ऑफ पोलिटिकल ग्राफिक्स’ आपल्या संग्रहातून प्रदर्शने भरवते. तिथे पोस्टरसोबत त्यामागचा लढाही कळतो. खासगी भिंतीवर बहुतेकदा उरते ती फक्त रंगसंगती.

भारतात काय स्थिती?

दिल्लीच्या ‘झुबान’ या स्त्रीवादी प्रकाशनसंस्थेने ‘पोस्टर विमेन’ प्रकल्पातून देशभरातील स्त्री चळवळीची पोस्टर्स जमवून त्यांचा संग्रह उभा केला. त्यासाठी ती संघटनांकडून आणि कार्यकर्त्यांकडून मिळवावी लागली. आपल्याकडे अनेक मोर्च्यांची पोस्टर्स अजून कार्यकर्त्यांच्या माळ्यावर, युनियनच्या कार्यालयात पडून असू शकतात. पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत गेली, तर त्यांचा लिलावही होणार नाही आणि संग्रहालयही.