गाडीत खोकी, खिशात बिलबुक

पहाटे ५.३०. जूनचा दुसरा आठवडा. पुणं उशिरा सोडलं की कात्रजच्या बोगद्यापर्यंतच सकाळ खर्ची पडते. डिकीत माझ्या कादंबरीची खोकी. प्रकाशक पार्सलनं पुस्तकं धाडतोच, पण ती कित्येकदा दुकानात खोक्यातच पडून राहतात. लेखिका दारात उभी राहिली की भिडेखातर का होईना, सुतळी सुटते.

८.००. खंबाटकी उतरून वाई. विश्वकोशाचं कार्यालय याच गावात, पण ते उघडायला वेळ आहे. मिसळ खाऊन पसरणी घाट.

९.३०. भिलार. धुकं इतकं, की घरांवरच्या पाट्या वाचायला खाली उतरावं लागलं. २०१७ च्या मे महिन्यात हे पुस्तकांचं गाव झालं. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वायची. पण तिथे जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत, इथे लोकांनी राहत्या घरातल्या खोल्या दिल्या. या, बसा, फुकट वाचा. म्हणजे माझा धंदा शून्य. एका ओसरीवर शाळकरी मुलगी चरित्र वाचत होती, आतून आजी "दूध निवतंय गं" म्हणून ओरडत होती. मुलीनं पान उलटलं. आजी पुन्हा ओरडली.

दुपारी १.००. सातारा. दुकानाचा दर्शनी भाग पोलीस भरती, तलाठी आणि एमपीएससीचा. त्यामागे गाईडं, वह्या, कव्हरचे रोल. ललित पुस्तकं पार मागच्या भिंतीला. पूर्वी मला याचा राग यायचा. आता वाटतं, भाडं तलाठी भरतोय म्हणून मागची भिंत उभी आहे.

मालकांनी पुस्तक उलटं करून आधी किंमत पाहिली, मग जाडी. "तीनशे? चाळीस टक्के द्या, आणि परतीच्या बोलीवर." मी पस्तीस म्हटलं. "ताई, पुस्तक महिनोन्महिने माझी जागा अडवणार." युक्तिवाद बिनतोड होता. कार्बन घालून चलन फाडलं: पाच प्रती. तीनशेवर दहा टक्के रॉयल्टी धरली तर प्रतीमागे माझे तीस रुपये. आनेवाडी, तासवडे, किणी या टोलनाक्यांची बेरीज मी करत नाही.

४.००. कराड. चहा, डिझेल.

६.३०. कोल्हापूर. १८५० पासून करवीर नगर वाचन मंदिर चालवणारं हे गाव, त्यामुळे इथला दुकानदारही तोलून-मापून वाचणारा. "या की मॅडम, बसा. वाचली तुमची. मधली पन्नास पानं वडलीत ओ नुसती!" खरं होतं. तेवढ्यात एक बाई मुलाचं गणिताचं गाईड न्यायला आल्या. मालकांनी गाईड बांधता बांधता माझं पुस्तक पुढे सरकवलं, "हे न्या, मधलं जरा लांबलंय, पण शेवट झकास हाय." बाईंनी शेवटून दोन पानं चाळली, किंमत पाहिली आणि घेतलं! कुठल्याही प्रकाशन समारंभात माझ्या पुस्तकाबद्दल इतकं प्रामाणिक कुणी बोललं नव्हतं. दहा प्रती ठेवल्या, त्याही रोखीनं.

९.३०. तांबडा-पांढरा ओरपून बिलबुक जुळवलं आणि बेळगावला फोन लावला. तिथले मालक म्हणाले, "सकाळी नका येऊ, शाळेची गर्दी असते. दोननंतर या, आणि सुट्टे आणा."