जुन्या मोटारीचे ब्रेक : योग्य भागाचा शोध

जुन्या मोटारीची डागडुजी करताना काही भागांत थोडीफार तडजोड चालून जाते. दिव्याची काच निराळ्या घडणीची बसविली किंवा दाराची मूठ दुसऱ्या मोटारीची असली, तर शोभा उणावते एवढेच. ब्रेकच्या बाबतीत तशी मुभा नाही. त्यातच एक चकवाही आहे : ब्रेकचा चुकीचा भाग पुष्कळदा आपल्या जागी बिनतक्रार बसतो, पहिले काही दिवस कामही देतो आणि त्याचा दोष उघडकीस येतो तो घाटाच्या उतारावर. म्हणून ‘बसणारा भाग’ आणि ‘योग्य भाग’ यांतील फरक आधी ध्यानी घ्यावा लागतो.

इंग्लंडमधील शौकिनांच्या काटेकोर व्याख्येप्रमाणे १९३० पर्यंतच्या मोटारीच ‘व्हिंटेज’ ठरतात. भारतात २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात जतन केलेल्या खाजगी वाहनांना ही संज्ञा लावली. त्यामुळे सळ्या व तारांनी ओढल्या जाणाऱ्या ब्रेकच्या मोटारी आणि द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकच्या मोटारी एकाच नावाखाली येतात. अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग मोटारीला १९२१ मध्येच चारही चाकांवर द्रवदाबाचे ब्रेक होते. उलट फोर्डने सळ्यांची पद्धत सोडली ती १९३९ च्या मोटारींपासून. सळ्या-तारांच्या ब्रेकचे भाग कुशल कारागीर नमुन्यावरून घडवू शकतो. खरी कसोटी लागते ती द्रवदाबाच्या ब्रेकमध्ये.

भारतात या प्रश्नाची सर्वांत परिचित उदाहरणे म्हणजे अँबॅसडर आणि फियाट. पहिली मॉरिस ऑक्सफर्डच्या घडणीवरून पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होई. दुसरी, जी पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेली, ती मुंबईत कुर्ल्याला. रस्त्यावर या मोटारी भरपूर होत्या तोवर त्यांचे भाग गावोगावी मिळत. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. पद्मिनीचे त्याच्या कितीतरी आधी. आता कोलकात्याचा मल्लिक बाजार, दिल्लीचे काश्मिरी गेट किंवा चेन्नईचे पुदुपेट येथील दुकानांत शोध घ्यावा लागतो आणि तेथे ‘अमक्या गाडीचा सिलिंडर’ एवढे सांगून भागत नाही. एकाच नावाच्या मोटारीत वर्षागणिक फेरफार झालेले असतात. शिवाय साठ वर्षांत चार हातांतून गेलेल्या मोटारीचा मागचा आस कोणी केव्हा बदलला, याची नोंद क्वचितच राहते. चासिस क्रमांक, कारखान्याची भागसूची आणि जुन्या भागावर ओतलेला क्रमांक, या तिन्ही गोष्टी जुळवून पाहाव्यात. आणि त्या जुळल्या तरी माप घ्यावेच.

मापाचे महत्त्व चाकाजवळच्या सिलिंडरवरून, म्हणजे व्हील सिलिंडरवरून, चांगले समजते. पायाच्या दाबाने मास्टर सिलिंडरमधील द्रव नळ्यांतून या सिलिंडरांत ढकलला जातो व त्यातील दट्ट्या ब्रेक-शूला ड्रमवर रेटतो. दट्ट्याचा जोर त्याच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर, अवलंबून असतो. पाऊण इंची सिलिंडरच्या जागी सात-अष्टमांश इंची बसविला, तर फरक केवळ एका सुताचा. पण जोर सुमारे ३६ टक्क्यांनी वाढतो. पुढच्या एकाच चाकावर असे झाले, तर ब्रेक दाबताच मोटार त्या बाजूला ओढली जाते. मागच्या दोन्ही चाकांवर झाले, तर ती चाके आधी जखडतात आणि ओल्या रस्त्यावर मागचा भाग फिरतो. बाहेरून पाहता दोन्ही सिलिंडर सारखेच दिसतात. म्हणून व्हर्नियरने आतील व्यास मोजल्याखेरीज दुकानदाराला पैसे देऊ नयेत.

नळ्यांच्या जोडांचे आटे हा असाच फसवा विषय. युद्धोत्तर ब्रिटिश मोटारींच्या ब्रेक-नळ्यांवर सामान्यतः तीन सुती (३/८ इंची), इंचाला २४ आट्यांचे नट असतात. नंतरच्या मोटारींत १० मिलिमीटरचे, एक मिलिमीटर अंतराचे आटे सर्रास आढळतात. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटरच्या किंचित वर. हा नट १० मिलिमीटरच्या छिद्रात सहज फिरतो, आवळल्यासारखाही वाटतो, आणि जोराने ब्रेक दाबण्याच्या नेमक्या क्षणी आटे सोडतो. १९५० च्या दशकातील बहुतेक मोटारींत चारही चाकांना एकच द्रवमार्ग असे. त्यामुळे एक जोड सुटला, की पायाखाली काहीच उरत नाही.

रबरी भागांविषयी शौकिनांचा एक लाडका समज मोडावा लागतो. वेष्टनही न फोडलेला, चाळीस वर्षांपूर्वीचा ‘अस्सल’ संच सापडला, की त्यांना हर्ष होतो. परंतु रबर कपाटातही म्हातारे होते. अशा संचातील धातूचे भाग वापरावेत, रबरी कप नवे घ्यावेत. ‘ब्रेक ऑइल’ हा रूढ शब्दही दिशाभूल करणारा आहे. जुने मिश्रण एरंडेल आणि अल्कोहोल यांचे होते. आजचे ‘डॉट ३’ व ‘डॉट ४’ द्रव ग्लायकोल वर्गातले आहेत. खनिज तेल यांपैकी कशातच नसते. इंजिनचे तेल चुकून ओतले, तर कप फुगून ब्रेक अडकतात. ग्लायकोल हवेतील बाष्प शोषून घेते, त्यामुळे सिलिंडर आतून गंजतात. मूळ मापाचा नवा सिलिंडर न मिळाल्यास जुनाच कातून, आत पितळेची किंवा स्टेनलेस पोलादाची नळी ठोकून पूर्ववत व्यास साधता येतो. परक्या मोटारीचा सिलिंडर जुळवून घेण्यापेक्षा हा मार्ग अधिक बरा.

शूवरील लायनर निवडताना टिकाऊपणाचा मोह टाळावा. फार कठीण लायनर बिडाच्या ड्रमला ओरखडे पाडते आणि ड्रम मिळणे तर लायनरहून दुर्घट. ड्रम कातलेला असेल, तर त्याच्या वाढलेल्या गोलाईला जुळेल अशी शूची गोलाई घासून घ्यावी लागते. नाहीतर लायनर मधल्या पट्टीवरच टेकते. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टस असे. त्याची धूळ फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण होते, म्हणून ती हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. दुकानात पडून राहिलेल्या जुन्या मालालाही हीच सावधगिरी लागू आहे.

भाग बदलायचे ते आसाच्या दोन्ही बाजूंचे एकदम. मग ओसाड, सपाट रस्त्यावर मंद वेगात वारंवार ब्रेक दाबून पाहावेत, ड्रमना हात लावून ते सारखे तापले आहेत का हे तपासावे व सारे जोड पुन्हा कोरड्या फडक्याने पुसावेत. काढलेले जुने भाग तोवर भंगारात देऊ नयेत. मोटारीला मुळात काय बसविलेले होते, याचा तेवढाच पुरावा हाती उरलेला असतो.