टिप किती ठेवायची?

घराचा आणि शाळेचा प्रश्न सुटला की नेदरलँड्समध्ये नव्याने आलेली मराठी मंडळी हमखास विचारतात, "इथे हॉटेलात टिप किती ठेवायची हो?" अमेरिकेहून बदली होऊन आलेला गृहस्थ वीस टक्के ठेवतो, पुण्याहून आलेला बडीशेपेच्या बशीत सुटे ठेवल्यासारखी चार नाणी ठेवतो, आणि अवघडल्यासारखे दोघांनाही वाटते.

आधी हिशेब समजून घेऊ. इथल्या मेनूकार्डावरच्या किमतीत कर आणि सेवा दोन्ही धरलेले असतात. बिलाखाली बीटीडब्ल्यू म्हणून दिसणारा ९ टक्क्यांचा आकडा (मद्यावर २१) हा कर आहे, सर्व्हिस चार्ज नव्हे. आणि तो एकूण रकमेत आधीच आलेला असतो.

दुसरा मुद्दा पगाराचा. अमेरिकेच्या संघीय कायद्यात टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचे किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवरच थांबले आहे; काही राज्यांत ते जास्त आहे, एवढेच. तिथली टिप हा पगाराचाच भाग आहे. इथे तशी वेगळी पायरी नाही. जानेवारी २०२४ मध्ये तासाचे किमान वेतन सुरू झाले तेव्हा ते १३.२७ युरो होते, आणि ते वेटरलाही लागू आहे. म्हणून इथली टिप, डच भाषेत 'फोई', ही खुशीची गोष्ट आहे.

मात्र यात एक मेख आहे. पूर्ण किमान वेतन एकविसाव्या वर्षापासून मिळते. अठरा वर्षांच्या मुलासाठी कायद्याने ते निम्मेच आहे, त्याखाली आणखी कमी. आपल्या टेबलाशी ताटल्या आणणारी पोरे बहुधा याच वयाची असतात. आपली मुलेही शनिवार-रविवारी हे काम करतात. माझी मुलगी त्यांतलीच. तेव्हा "पगार मिळतो ना त्यांना!" एवढे म्हणून हात झटकू नयेत.

आता प्रत्यक्ष रीत. कॉफीला वरचे सेंट सोडले तरी पुरे, नाही सोडले तरी कोणी रागावत नाही. जेवण चांगले झाले तर पाच ते दहा टक्के. डच लोक टक्केवारी न काढता रक्कम वर नेतात. बिल ४६.४० असेल तर कार्ड लावण्याआधीच "पन्नास करा" म्हणावे, ३.६० युरो, म्हणजे जवळजवळ आठ टक्के होतात. हल्ली काही ठिकाणी यंत्रावरच टक्के विचारले जातात. तिथे शून्य निवडण्यात लाज नाही. बहुतेक ठिकाणी टिप एकत्र जमा करून वाटतात. स्वयंपाकघरालाही वाटा मिळतो का, हे खुशाल विचारावे.

आपल्याकडेही हा वाद जुनाच. बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. सक्ती नको, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच. पण दिवाळीची पोस्त आपण सक्तीने थोडीच देत होतो? त्याच मनाने इथेही द्यावे: हिशेब समजून, आणि हसून.